फाटकापासून पोर्चपर्यंतच्या वाटेसाठी ठेकेदार कसा निवडावा

सांगलीत विश्रामबाग, कुपवाड किंवा मिरजेच्या बाजूला बंगल्याच्या फाटकापासून पोर्चपर्यंतची वाट नव्याने करायची ठरली की ठेकेदाराला पहिला प्रश्न विचारला जातो तो दराचा, आणि ठेकेदारही चौरस फुटाचा आकडा लगेच सांगून मोकळा होतो. माझ्या मते हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारावा. त्या आकड्यात वरचा फरसबंदीचा काँक्रीट ब्लॉक तेवढा दिसतो. खोदाई किती, मुरूम किती, दाबाई कशाने आणि पावसाचे पाणी कोठे जाणार, यांपैकी काहीच त्यात दिसत नाही. वाट मात्र खचते ती बहुतेक वेळा खालूनच. म्हणून ठेकेदाराची पारख तो तळाविषयी काय बोलतो यावरून करावी.

कृष्णाकाठच्या मिरज, पलूस, वाळवा या पट्ट्यात बहुतेक ठिकाणी काळी माती आहे. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. तिच्यावर थेट खडी पसरून ब्लॉक बसवले, तर एखाद-दोन पावसाळ्यांतच चाकांच्या रेषेत खोलगट पट्टे पडतात. जत, आटपाडीकडे मुरमाड जमीन वरच लागते, तेथे हा त्रास पुष्कळ कमी असतो. त्यामुळे जागा पाहायला आलेला ठेकेदार टेप काढण्याआधी पहार मागवून एका कोपऱ्यात खड्डा घेऊन पाहतो का, याकडे लक्ष द्यावे. जो फक्त लांबी-रुंदी मोजून दर सांगतो, त्याला आपल्या जमिनीविषयी काहीच ठाऊक झालेले नसते.

खोदाईचा हिशेब घरमालकालाही सहज करता येतो आणि तो करूनच चर्चेला बसावे. काळ्या मातीत चारचाकी गाडीसाठी दाबून झालेला 6 इंच मुरूम, त्यावर 4 इंच खडीचा थर, दीड इंच क्रश सँड (दगड भरडून केलेली वाळू) आणि वर 60 मिलिमीटरचा, म्हणजे सुमारे अडीच इंचांचा ब्लॉक धरला, तर एकूण जाडी 14 इंच होते. मग 6 इंच खोदाई करून "सगळे थर बसवतो" असे सांगणारा ठेकेदार एक तर थर कमी करणार असतो, नाही तर वाटेची पातळी वर आणणार असतो. समजा, वाट 12 फूट रुंद आणि 40 फूट लांब, म्हणजे 480 चौरस फूट आहे. तिच्यासाठी दाबलेला 6 इंच मुरूम 240 घनफूट, म्हणजे 2.4 ब्रास (1 ब्रास म्हणजे 100 घनफूट) लागतो. सुटा मुरूम दाबल्यावर बसतो, हे लक्षात घेता साधारण 3 ब्रास मागवावा लागेल. दीड ब्रासात भागेल असे कोणी सांगितले, तर थराची जाडी किती उरेल ते त्याच्यासमोरच मांडून दाखवावे. ट्रॉलीच्या संख्येवर विसंबू नये. प्रत्येक ट्रॉलीला टेप लावून माप घ्यावे.

दाबाईबाबत मी फार आग्रही आहे. मुरूम एकदम टाकून वरून एकदा यंत्र फिरवले, तर वरचा भाग तेवढा घट्ट होतो आणि खालचा भुसभुशीतच राहतो. मुरूम तीन-चार इंचांच्या थरांत पसरावा, प्रत्येक थरावर बेताचे पाणी मारावे आणि तो ओलसर असतानाच प्लेट कॉम्पॅक्टरने किंवा लहान रोलरने दाबावा. धुम्मसाने, म्हणजे हाताने ठोकून केलेले काम पायवाटेला चालते, गाडीच्या वाटेला पुरत नाही. ठेकेदाराकडे स्वतःचा कॉम्पॅक्टर आहे की तो भाड्याने आणणार आहे, हे विचारावे. भाड्याचा असण्यात गैर काही नाही; मात्र भाडे वाचवण्यासाठी यंत्र एकाच दिवसासाठी आणले जाते आणि सगळे थर त्या एका दिवसात उरकले जातात, असे होऊ देऊ नये.

यानंतरचा प्रश्न पाण्याचा. वाटेला किमान 60 फुटांना 1 फूट एवढा ढाळ असावा. म्हणजे 40 फूट लांबीत 8 इंच, किंवा आडवा ढाळ दिला तर 12 फूट रुंदीत सुमारे अडीच इंच. हा ढाळ घराच्या भिंतीपासून दूर जाणारा असावा आणि त्याचे पाणी शेजाऱ्याच्या कुंपणाच्या पायाशी साचू नये. येथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. शहरात समोरचा रस्ता दर डांबरीकरणाला थोडा थोडा वर येत जातो, घराचे जोते मात्र आहे तेथेच राहते. अशा वेळी "साहेब, जुनी फरशी उखडायला नको, तिच्यावरच ब्लॉक बसवू, तुमचा खर्च वाचेल" असा सल्ला मिळाला, तर जोत्याची उंची आणखी चार इंचांनी कमी होते आणि जोरदार पावसात पाणी उंबऱ्याशी येते. अंगण रस्त्यापेक्षा खाली गेलेच असेल, तर फाटकाच्या आत आडवी जाळीची गटार करून तिचे पाणी शोषखड्ड्यात नेणे, हा बहुधा सोपा उपाय ठरतो. जाणकार ठेकेदार लेव्हल ट्यूब (पातळी मोजण्याची पाण्याची नळी) लावून हे आकडे आपण न विचारता सांगतो.

2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांच्या वर गेली होती आणि 2021 मध्येही शहराच्या सखल भागांत पाणी शिरले. पूररेषेच्या आसपास घर असल्यास ठेकेदाराशी याविषयी स्पष्ट बोलावे. पाणी ओसरताना सांध्यांतील आणि ब्लॉकखालील बारीक भुकटी आपल्याबरोबर घेऊन जाते. म्हणून अशा ठिकाणी पिठासारखी कच न वापरता भरड क्रश सँड वापरावी आणि दोन्ही बाजूंना काँक्रीटमध्ये पक्का बसवलेला कर्ब, म्हणजे काठाचा बांध, घ्यावा. काठ मोकळा असेल तर पूर नसतानाही ब्लॉक बाहेरच्या बाजूला सरकत जातात. तरीही कर्ब हा कोटेशनमधून सर्वांत आधी गळणारा भाग असतो.

ठेकेदारांची नावे मिळवण्यासाठी ब्लॉकच्या कारखान्यात, ओळखीच्या स्थापत्य अभियंत्याकडे आणि नुकतेच काम झालेल्या घरांत चौकशी करावी. किमान तिघांना जागेवर बोलवावे. प्रत्येकाकडून दोन पावसाळे झालेल्या कामांचे पत्ते घ्यावेत; गेल्या महिन्यातले काम पाहून काहीही कळत नाही, कारण नवी वाट सर्वांचीच सपाट असते. शक्य असल्यास पाऊस पडून गेल्यावर तासाभरात तेथे जावे आणि फाटकाजवळ, पोर्चच्या तोंडाशी व चेंबरच्या झाकणाभोवती पाणी साचले आहे का ते पाहावे. त्या घरमालकाला एवढेच विचारावे, की काही बिघडल्यावर ठेकेदार फोन उचलून परत आला का. माझ्या दृष्टीने हे उत्तर कोणत्याही छायाचित्रापेक्षा मोलाचे आहे. काम स्वतः ठेकेदार पाहणार की मुकादमावर सोडणार, हेही तेथेच कळते.

वरचा थर कोणता घ्यावा, याचा निर्णय तळ ठरल्यावर करावा. ब्लॉकसाठी भारतीय मानक आयएस 15658 आहे. घरगुती गाडीसाठी 60 मिलिमीटर जाडीचा एम-35 (ही काँक्रीटच्या दाबक्षमतेची प्रत) प्रतीचा ब्लॉक घ्यावा. आवारात ट्रॅक्टर किंवा पाण्याचा टँकर येत असेल, तर 80 मिलिमीटरचा घ्यावा. रबरी साच्यातील गुळगुळीत, चकचकीत ब्लॉक दिसायला देखणे असले तरी पावसात निसरडे होतात आणि उताराच्या वाटेवर वयस्कर माणसांना धोक्याचे ठरतात, म्हणून यंत्रावर दाबून केलेला खरखरीत ब्लॉकच निवडावा. आकार झिगझॅगसारखा एकमेकांत अडकणारा असावा. कारखान्यात एखादा ब्लॉक फोडून पाहावा: खडी सर्वत्र सारखी पसरलेली असावी आणि रंगाचा थर पापुद्र्यासारखा सुटू नये. प्रतीविषयी शंका असल्यास दाबक्षमतेच्या चाचणीचा अहवाल मागावा. सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आणि कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय यांच्या स्थापत्य विभागांकडे चाचणीविषयी चौकशी करता येते.

काँक्रीट करायचे असेल, तर ठेकेदाराला पोत्यांचा हिशेब विचारावा. याच 480 चौरस फुटांवर 4 इंच जाडीचे काँक्रीट 160 घनफूट होते आणि 1:1.5:3 (सिमेंट, वाळू, खडी) या प्रमाणात त्याला सुमारे 36 ते 37 पोती सिमेंट लागते. 25 पोत्यांत काम होईल असे सांगणाऱ्याकडून प्रमाण पाळले जाणार नाही. दर 8 ते 10 फुटांवर सांधा कापण्याचे आणि किमान 10 दिवस पाणी मारण्याचे काम कोणाकडे, हेही ठरवून घ्यावे. डांबराच्या फंदात एवढ्या लहान जागेसाठी पडू नये: गरम मिश्रण थोडक्यात मिळत नाही, मिळालेच तर रोलर फाटकातून आत जाईपर्यंत ते निवते आणि नीट दबत नाही.

तिन्ही ठेकेदारांना एकच लेखी तपशील द्यावा, तरच त्यांच्या दरांची तुलना करता येते. खोदाईची खोली, प्रत्येक थराची जाडी, ब्लॉकची प्रत आणि कारखाना, कर्बची लांबी, ढाळाची दिशा, निघालेली माती उचलून नेण्याची जबाबदारी, आणि वाटेखालून नळ व केबलसाठी दोन मोकळे पाईप, एवढे त्यात असावे. माती उचलण्याचा खर्च बहुतेक वेळा नंतर निघतो आणि तो लहान नसतो. 480 चौरस फुटांची 14 इंच खोदाई म्हणजे साडेपाच ब्रासहून अधिक माती. काम हजेरीवर न देता उक्ते द्यावे, पण थरांची मापे लिहूनच द्यावे, कारण मापे न लिहिलेले उक्ते काम पातळ होत जाते. एखाद्याचा दर इतर दोघांपेक्षा बराच कमी असेल, तर कोणता थर वगळला आहे ते त्याला शांतपणे विचारावे; कधी कधी खरोखरच स्वतःचे यंत्र आणि जवळचा कारखाना हे त्याचे कारण असते.

ठेकेदाराने जीएसटी लावला असेल, तर त्याचा क्रमांक सरकारी पोर्टलवर तपासावा आणि बिल घ्यावे. नोंदणी नसलेल्या लहान ठेकेदाराला जीएसटी आकारता येत नाही. पैसे टप्प्यांनी आणि शक्यतो बँकेमार्फत द्यावेत. साहित्य जागेवर आल्यावर चौथा हिस्सा, मुरूम-खडीची दाबाई आपण पाहिल्यावर तेवढाच, ब्लॉक बसून सांधे भरल्यावर चाळीस टक्के आणि उरलेले दहा टक्के पहिल्या जोरदार पावसानंतर, अशी विभागणी मला न्याय्य वाटते. निम्म्याहून अधिक उचल आधी मागणाऱ्याला काम देऊ नये. सही केलेला हा कागद आणि पैसे दिल्याच्या नोंदी जपून ठेवाव्यात. सेवेत त्रुटी राहिली आणि ठेकेदार ऐकेनासा झाला, तर ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करताना त्याच उपयोगी पडतात.

दिवाळीनंतर ते मार्चअखेरपर्यंतचा काळ या कामाला चांगला. मे महिन्यात पावसाच्या धास्तीने सगळेच घाई करतात, मजूर एका कामावरून दुसऱ्या कामावर पळवले जातात आणि दाबाईवरच काट मारली जाते. काम सुरू झाल्यावर घरातील कोणीतरी मुरमाचा प्रत्येक थर झाकला जाण्याआधी पट्टीने मोजून त्याचे छायाचित्र घ्यावे. ब्लॉक बसल्यावर ठेकेदारासमोरच नळीने पाणी सोडून ते ठरलेल्या दिशेने वाहते का हे पाहावे, आणि जेथे साचेल तेथील ब्लॉक त्याच दिवशी उचलून पुन्हा बसवून घ्यावेत.