हीटरचा ब्लोअर लावला की बूस्ट खाली!

मिशिगनच्या थंडीत माझ्या सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंप) लावलेल्या पिकअपला बूस्ट गेज, म्हणजे त्या हवेचा दाब दाखवणारा मीटर, बसवला. फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीच्या) रबरी ग्रोमेटमधून वायर आत घेतली, फ्यूज बॉक्समधून ५ अँपिअरच्या फ्यूजवर इग्निशनचा सप्लाय दिला. तासाभराचं काम. पण केबिन हीटरचा ब्लोअर फुल केला की ८ पीएसआयचा बूस्ट ५ दिसायचा. इंजिन तेच, पेडल तेवढंच!

आधी सेन्सरवर संशय घेतला, व्हॅक्यूमचा पाइप बदलला. पैसे वाया. अर्थिंग तपासलं तर मल्टिमीटर छान बीप करत होता, आणि तिथेच फसलो. बीपसाठी मीटर अगदी नगण्य करंट सोडतो. अर्धवट लागलेला जोडही त्यात पास होतो.

मग ब्लोअर चालू ठेवून मीटर व्होल्टवर लावला: एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं गेजच्या काळ्या, म्हणजे अर्थिंगच्या वायरला. ०.३२ व्होल्ट! ब्लोअर बंद केल्यावर ०.०२. मी गेजचं अर्थिंग डॅशबोर्डमागच्या रंग दिलेल्या ब्रॅकेटला दिलं होतं आणि सेन्सरचं इंजिनला. ब्लोअरचा करंटही त्याच ब्रॅकेटमधून परतत होता. थ्री-बार सेन्सरचा (३ बार, म्हणजे साधारण ४३ पीएसआयपर्यंत दाब मोजणारा) सगळा खेळ ०.५ ते ४.५ व्होल्टमध्ये, म्हणजे ०.३ व्होल्टची गडबड झाली की साधारण ३ पीएसआय गायब.

दोन्ही काळ्या वायर रिंग टर्मिनल लावून एकाच बोल्टवर घेतल्या, खालचा रंग चकचकीत पत्रा दिसेपर्यंत खरवडला. आता ब्लोअर फुल, हेडलाइट चालू, तरी काटा ८ वरच.