गावात मानसिक आधारगट चालवताना या चुका टाळा

पहिल्या बैठकीला वीस जण, तिसरीला चार. असं झालं की लोकांना दोष देऊ नका, आधी जागा आणि वेळ तपासा. ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये शिरणारा प्रत्येक जण पारावरून दिसतो आणि संध्याकाळपर्यंत ‘त्याचं डोकं फिरलं’ हे गावभर होतं. त्यापेक्षा कोणाची ओसरी बरी. कापूस वेचणीच्या दिवसांत बैठक रात्री जेवणं उरकल्यावर ठेवा. बायांचा गट वेगळाच हवा. सासरे-जेठासमोर सून काय बोलणार? बचत गटाच्या बैठकीतही हे उरकू नका. जिचा हप्ता थकला, ती हप्ता मागणाऱ्यांपुढे मन कशी मोकळं करेल?

सगळ्यात जास्त नुकसान उपदेशाने होतं. कास्तकार म्हणतो, “रात्रभर झोप नाही.” लगेच तिघं सुरू होतात, “हिंमत ठेव भाऊ, लेकरांकडे पाहा.” अहो, लेकरांकडे पाहूनच तर त्याची झोप उडाली आहे! “मग रात्री काय करता भाऊ?” एवढं विचारा आणि थांबा. शांतता लांबली तरी चालेल. मग ज्याचं सोयाबीन झडीत गेलं होतं, तो स्वतःचं सांगेल. गट त्यासाठीच असतो. मात्र “मी गोळ्या सोडल्या, तुम्हीही सोडा” इथे लगेच अडवा. गोळ्यांचं डॉक्टरच ठरवतील.

‘इथलं इथेच राहील’ हे प्रत्येक बैठकीत सांगा. जिवाला धोका असेल तर मात्र घरच्यांना सांगावं लागेल, हेही पहिल्याच दिवशी सांगा.

“जीव द्यावासा वाटतो का?” हे विचारायला घाबरू नका. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर ‘हो’ आलं तर त्याला एकटं सोडू नका आणि फवारणीचं औषध घरातून हलवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, दिवसरात्र चालतो. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागात न्यायचं असेल तर सोबत जा. कोणी फवारणीचं औषध प्यायलंच असेल तर पोलीस केसच्या भीतीने दवाखाना टाळू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार असा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरलं जातं, त्याला शिक्षा होत नाही.

सलग दोन बैठका न आलेल्याच्या घरी जा. चारचौघांत गटाचं नाव काढू नका. चहा घ्या, शेतातली पऱ्हाटी कशी आहे विचारा.