गाडीचा इन्शुरन्स संपलाय? दंड 2000 चाच आहे, पण विषय सातबाऱ्यापर्यंत जातो

आधी मोबाईल काढा आणि एमपरिवहन ॲपमध्ये आपल्या गाडीचा नंबर टाका, एमएच 19 असो, 18 असो नाहीतर 39. इन्शुरन्स कोणत्या तारखेपर्यंत आहे ते तिथे दिसतं. तारीख निघून गेली असेल तर चावी खुंटीला अडकवा आणि मग पुढचं वाचा. खरंच सांगतोय, कारण आपल्याकडे जळगाव-धुळ्यात जो तो हेच म्हणतो, "काही नही होत भो, इथंच तर जायचंय".

कायदा आधी सांगून टाकतो. मोटार वाहन कायद्याचं कलम 146 म्हणतं की थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देणारा विमा, नसलेली गाडी रस्त्यावर आणायचीच नाही, आणि शिक्षा कलम 196 मध्ये आहे. पहिल्यांदा सापडलात तर 2000 रुपये दंड किंवा 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, परत सापडलात तर दंड 4000 आणि कैद तेवढीच. एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, हे कलम फक्त चालवणाऱ्याला नाही, गाडी चालवायला देणाऱ्यालाही लागतं, म्हणजे शालकाला लग्नाला जायला गाडी दिली तरी तुम्ही त्यात आलेच. आणि कायदा केंद्राचा आहे, त्यामुळे शिरपूरहून सेंधव्याला गेलात काय किंवा नवापूरवरून सुरतला गेलात काय, कलम तेच.

नाकाबंदीत अडवलं तर वाद घालू नका. पॉलिसी चालू असेल तर डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधली प्रत दाखवली तरी चालते, झेरॉक्सचा गठ्ठा नसला तरी हरकत नाही. पॉलिसी असूनही चलान फाटलं तर महाट्रॅफिक ॲपमध्ये तक्रार टाकता येते, पॉलिसीचा फोटो जोडा. पण पॉलिसी संपलेलीच असेल आणि तुम्ही संध्याकाळी घरी जाऊन नवीन काढली तर सकाळचं चलान काही माफ होत नाही.

आता खरा विषय. 2000 रुपये कोणीही भरेल हो, भीती त्याची नाहीच. भीती आहे ती गाडीखाली माणूस आला तर. आमच्या ओळखीतल्या एका काकांची कार होती, विमा संपून दोनच महिने झाले होते, केळीचे पैसे आले की भरू म्हणत राहिले आणि हायवेवर एका मोटरसायकलवाल्याला धडक बसली, तो गेला. काही वर्षांनी त्यांनी पीककर्जासाठी सातबारा काढला तर इतर हक्काच्या रकान्यात बोजा चढलेला. काका तो कागद हातात धरून तलाठी ऑफिसच्या पायरीवर बसून राहिले, मी तिथेच होतो. कलम 174 प्रमाणे अपघात न्यायाधिकरणाने ठरवलेली भरपाईची रक्कम कलेक्टरमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते, म्हणून गोष्ट शेतापर्यंत येते.

रक्कम किती होते ते एकदा कागदावर मांडून बघा. समजा मयत 35 वर्षांचा, स्वतःचं दुकान, महिन्याला 15,000 कमाई, मागे बायको, दोन लेकरं आणि आई. पुढे कमाई वाढली असती म्हणून 40 टक्के धरतात, झाले 21,000, वर्षाचे 2,52,000. त्यातून त्याचा स्वतःचा खर्च म्हणून चौथा हिस्सा वजा, राहिले 1,89,000. या वयाला ठरलेला गुणक 16, म्हणजे 1,89,000 गुणिले 16, 30,24,000 रुपये, आणि वरून अंत्यविधी वगैरेचे पैसे आणि व्याज वेगळं. विमा असता तर हे कंपनीने भरलं असतं. आणि 1000 ते 1500 सीसीच्या खासगी कारचा थर्ड पार्टी हप्ता किती, तर जून 2022 ला ठरलेल्या दराने 3416, जीएसटी धरून साधारण 4031 रुपये!

शिवाय विमा नसलेली गाडी अपघातात सापडली की कोर्टात पुरेशी सिक्युरिटी, म्हणजे भरपाईसाठीचं तारण, भरल्याशिवाय सुटत नाही, तीन महिन्यांत भरली नाही तर गाडीचा लिलाव होऊन पैसे न्यायाधिकरणात जमा होतात.

गोंधळ कुठे होतो तेही सांगतो. सप्टेंबर 2018 पासून नवीन कारला 3 वर्षांचा आणि नवीन दुचाकीला 5 वर्षांचा थर्ड पार्टी विमा सोबतच मिळतो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग बऱ्याचदा एकाच वर्षाचा असतो, म्हणून पॉलिसीवर दोन वेगवेगळ्या तारखा असतात, दोन्ही बघा. जुनी गाडी विकली असेल तर आरसीवरचं नाव बदलून घ्याच, नाहीतर अपघात गाडी घेणाऱ्याने केला तरी कोर्ट नोंदणीकृत मालकाला, म्हणजे तुम्हालाच धरतं. ट्रॅक्टरलाही विमा लागतो, ट्रॉलीची नोंद पॉलिसीत आहे का ते विचारून घ्या, आणि मडगार्डवर मजूर बसवू नका, त्यांच्यासाठी कंपनी सहसा हात वर करते.

नवीन पॉलिसी काढताना फार स्वस्तात देणाऱ्यापासून लांब राहा. हातात आली की इंजिन नंबर आणि चेसिस नंबर आरसीशी एकेक आकडा जुळवा, गाडीचा प्रकार बघा, कारच्या नावाने दुचाकीची पॉलिसी माथी मारणारे भामटे आहेत. पॉलिसी किती वाजल्यापासून चालू होते ती वेळही छापलेली असते, त्या वेळेच्या आधी गाडी बाहेर काढू नका, अपघात झाल्यावर काढलेल्या पॉलिसीचा त्या अपघाताला काहीच उपयोग नाही. खंड 90 दिवसांपेक्षा जास्त झाला तर नो क्लेम बोनसही, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूटही, जातो.

आणि विमा नसताना अपघात घडलाच तर पळून जाऊ नका. जखमीला आधी दवाखान्यात पोचवा, पोलिसांना कळवा, आणि गावात बसून पैसे देऊन मिटवायची बोलणी सुरू झाली तर कुठल्याही कागदावर सही करायच्या आधी तो कागद वकिलाला दाखवा.