भरतीचं पळणं: दमाबरोबर हाडही कसं तयार करावं

बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, त्यामुळे खानापूर, येळ्ळूर, उचगाव भागातल्या बऱ्याच घरांत एकतरी पोरगा सैन्यभरतीची तयारी करत असतो. पहाटे रस्त्याच्या कडेनं पोरं पळतात, मराठी-कन्नड सगळी एकत्र. आणि त्यांना सांगणारा कोणीतरी असतोच: "रोज जीव तोडून पळ, दुखलं तरी थांबू नको." या सल्ल्यानं चांगली पोरं भरतीआधीच घरी बसलेली मी पाहिली आहेत. शरीराला ताण द्यायलाच हवा. पण ते मजबूत होतं ते ताण उतरल्यावर, आणि त्याचे सगळे भाग एकाच वेगानं मजबूत होत नाहीत.

हाताशी निदान चार-पाच महिने ठेवा. बूट, पाणी, वॉर्मअप तुम्हाला माहीत आहे.

पहिला महिना

आठवड्यातून चार दिवस, शेजारच्याशी बोलता येईल इतक्याच वेगानं वीस-तीस मिनिटं. एवढंच. जोरानं पळायला लागलं की ॲड्रेनलिन हे ताणाचं संप्रेरक काही सेकंदांत ठोके चढवतं, मागून कॉर्टिसॉल हे दुसरं संप्रेरक वाढतं आणि इंधन म्हणून रक्तात साखर सोडायला लावतं. ताण थांबला, जेवण आणि झोप मिळाली, की शरीर नुसतं पूर्वपदावर येत नाही, पुढच्या खेपेसाठी थोडी जादा तयारी करून ठेवतं. ताणाचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ हान्स सेली यांनी १९३६ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून ताणाचे तीन टप्पे मांडले: आधी धोक्याचा इशारा, मग प्रतिकार, आणि ताण थांबलाच नाही तर थकून कोसळणं. रोज जीव तोडून पळणारा पोरगा स्वतःला त्या तिसऱ्या टप्प्याकडे नेत असतो.

दुसरा आणि तिसरा महिना: इथेच पाय मोडतात

मलाही सगळ्यात अवघड गेलेला टप्पा हाच, म्हणून नीट वाचा.

पळायला लागल्यावर एक-दोन आठवड्यांतच रक्तातला द्रव वाढतो, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागतं. महिन्याभरात दम वाढल्याचं स्वतःला जाणवतं. पोरगा खूश होतो आणि अंतर एकदम दुप्पट करतो. पण हाड अजून त्या तयारीला पोचलेलं नसतं. वारंवार आदळणाऱ्या हाडात शरीर आधी जुना, थकलेला भाग काढून टाकतं आणि मग नवा भरतं. भाताच्या वाफ्याचा खचलेला बांध दुरुस्त करताना आपण आधी सैल माती उपसतो, आणि नवी घट्ट बसेपर्यंत तो बांध सगळ्यात कच्चा असतो, तसंच हे. नवं हाड टणक व्हायला महिने लागतात. छातीत दम आहे आणि नडगी कच्ची आहे, अशा नेमक्या दिवसांत वेग वाढवला की हाडाला बारीक चीर जाते.

म्हणून या दोन महिन्यांत अंतर फार हळू वाढवा आणि दर चौथ्या आठवड्यात ते निम्म्यावर आणा. त्या आठवड्यात तुम्हाला वाटेल की सगळं वाया चाललंय. वाटू द्या. जोराचं पळणं आठवड्यातून दोनदाच, आणि लागोपाठच्या दिवशी कधीच नाही. डांबरी रस्ता सोडून मातीवर पळा. पावसाळ्यात लाल माती निसरडी झाली की चढावर जलद चाला.

रोज सकाळी अंथरुणात बसून अंगठ्यानं नडगीची आतली कड घोट्यापासून वरपर्यंत दाबत या. वीतभर पट्टीत मंद दुखत असेल आणि वॉर्मअपनंतर कमी होत असेल, तर पळणं निम्मं करा आणि लक्ष ठेवा. पण रुपयाच्या नाण्याएवढ्या एकाच जागी कळ येत असेल, पळताना ती वाढत असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल, तर त्याच दिवशी पळणं बंद आणि हाडांचे डॉक्टर. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ही चीर एक्स-रेमध्ये बहुतेक वेळा दिसत नाही. "एक्स-रे साफ आहे, पळ" असं मैदानावर कोणी म्हणालं तर अजिबात ऐकू नका. दुखणं डॉक्टरांना पुन्हा दाखवा. वेदनेची गोळी घेऊन पळणं तर सरळ गुन्हा समजा. शरीर देत असलेला एकमेव इशारा तुम्ही स्वतःच्या हातानं बंद करता.

उठल्याउठल्या मिनिटभर नाडी मोजून वहीत लिहा. नेहमीपेक्षा आठ-दहा ठोके जास्त दिसले तर त्या दिवशी फक्त चाला. झोप आठ तास. पहाटे उठायचं तर रात्री मोबाइल लवकर ठेवा. जेवण तोडू नका. आपल्याकडे नाचणी मिळते, शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलीग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. भाकरी खा, आंबील प्या. महागडी पावडर लागत नाही.

तयारी करणाऱ्या मुलींनी आणखी एक गोष्ट पाहावी. पाळी चुकायला लागली तर ते चांगल्या तयारीचं लक्षण नव्हे. शरीराला पुरेसं अन्न मिळत नाही आणि हाड कमजोर होतंय, असा तो इशारा असू शकतो. लपवू नका, आईला सांगा, डॉक्टरांकडे जा.

चौथ्या महिन्यापासून

आता वेग. चारशे मीटरच्या फेऱ्या, मध्ये पुरती विश्रांती. शेवटचे दहा दिवस अंतर निम्मं, वेग तोच.

भरतीच्या दिवशी

रांगेत उभं असतानाच छाती धडधडेल, हात गार पडतील. ते ॲड्रेनलिन आहे, कामाचं आहे. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्या, चार-पाच वेळा. पहिली फेरी गर्दीबरोबर उधळू नका. धाव संपली की मटकन बसू नका, चालत राहा. पुढे बीमवर, म्हणजे आडव्या दांड्याला लटकून, पुल-अप्स काढायचे आहेत.