जुन्या घराचं वीजबिल कमी करताना या चुका टाळा

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा दगड-मातीच्या भिंती आणि माळवदं, म्हणजे लाकडी तुळयांवरची मातीची छतं, झोपलेल्या माणसांच्या अंगावर आली. औसा तालुक्यातल्या आमच्या घराचं माळवद वडिलांनी त्यानंतर उतरवलं आणि पत्रे टाकले. निर्णय बरोबरच होता, आजही मी तोच घेईन. चूक पुढं झाली. ज्या खोलीत वैशाखातल्या दुपारीही झोप लागायची, तिथं फळीवरचा पितळी डबा उचलला तरी हाताला चटका बसू लागला. मग पंखा वाढला, कूलर आला, एसी आला. उन्हाचा बंदोबस्त मात्र कुणी केलाच नाही. ऊन आधी छतावर अडवायचं आणि मग बटण दाबायचं, हा क्रम आम्हाला फार उशिरा कळला.

पत्रे उघडे ठेवणं

पत्र्याच्या वर फूट-दीड फूट अंतर सोडून शेडनेट ताणा. मधून वारा वाहिला पाहिजे. नेट पत्र्याला चिकटलं, तर फायदा फार कमी होतो. आतून छत करणार असाल, तर छत आणि पत्रा यांच्यात मोकळी जागा ठेवा आणि दोन्ही टोकांना जाळी बसवा, नाहीतर तिथं कोंडलेली गरम हवा रात्रभर खाली उष्णता सोडत राहते. तुराट्या, पऱ्हाट्या किंवा उसाचं पाचट पत्र्यावर टाकायची आपल्याकडं जुनी रीत आहे. गारवा खरंच मिळतो, पण जवळून वायर गेली असेल तर एका ठिणगीत सगळं पेटेल. तिथं हा मोह टाळाच.

माळवदावर दरवर्षी माती चढवणं

ज्यांचं माळवद अजून शाबूत आहे, त्यांनी नीट वाचावं. गळती थांबवायला दर पावसाळ्याआधी पांढऱ्या मातीचा थर टाकतात आणि जुना थर कुणी काढत नाही. दहा बाय दहाच्या खोलीवर एक फूट माती म्हणजे साडेचार टनांच्या आसपास वजन. ते सगळं जुन्या तुळयांवर. गारव्यासाठी इतक्या जाडीची गरज नसते. जाणत्या माणसाकडून तुळया तपासून घ्या, वाळवी बघा आणि जादा माती उतरवा. भिंतींना बाहेरून सिमेंटचा गिलावाही नको. दगड-मातीच्या भिंतीतली ओल त्याच्या आड अडकते. चुन्याचा गिलावा भिंतीला श्वास घेऊ देतो.

स्लॅब तापू देणं आणि रात्री पाणी मारणं

रात्री दहा वाजता खुर्चीवर उभं राहून स्लॅबला खालून तळहात लावून बघा. गरम लागला, तर दिवसभर साठलेली उष्णता आता खाली उतरते आहे. लातूरला २०१६ मध्ये रेल्वेनं पाणी आणावं लागलं, अशा मुलखात गच्चीवर पाणी ओतणं मला पटत नाही. मार्चमध्येच गच्ची झाडून, धुऊन, भेगा बुजवून चुन्याचे दोन हात मारा. धुळीवर मारलेला चुना पापुद्रे होऊन उडतो आणि पैसे वाया जातात. पावसाळ्यात तो बराच धुऊन जातो, म्हणून दरवर्षी पुन्हा मारावा लागतो.

जाड भिंतींच्या घरात भर दुपारी दारं-खिडक्या सताड उघडू नका. सकाळी नवाच्या आत बंद करा, रात्री उघडा.

कूलर लावून खोली बंद करणं

"कूलर चालू आहे, तरी चिकचिक होते," ही तक्रार घरोघरी ऐकू येते. कूलर बाहेरची हवा ओली करून आत ढकलतो. ती निघायला समोरची खिडकी उघडी नसेल, तर दमटपणा साचतो. कूलर सावलीत, खिडकीबाहेर ठेवा. बोअरच्या क्षारयुक्त पाण्यानं पॅडवर पांढरे थर बसतात आणि हवा अडते, म्हणून टाकीतलं पाणी अधूनमधून पूर्ण बदला. लोखंडी कूलरला अर्थिंग नसेल, तर तो लावूच नका. दरवर्षी यात माणसं जातात. एसीचं गणित उलटं आहे. खोली बंद हवी, झरोके बुजवलेले हवेत आणि सोबत कूलर नको, नाहीतर कूलरनं सोडलेली वाफ काढण्यातच एसीची वीज जाते. तापमान २४ वर ठेवा.

पंख्यांचं थोडक्यात सांगतो. जुना पंखा ७५ वॅटच्या आसपास घेतो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा साधारण ३० वॅट. दिवसाला पंधरा तास चालला, तर महिन्याला एका पंख्यामागं वीस युनिट वाचतात. मात्र तो जुन्या रेग्युलेटरवर जोडू नका, रेग्युलेटर काढूनच टाका.

विजेची गळती न शोधता सोलर बसवणं

पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅट किंवा जास्त क्षमतेला ७८,००० रुपये अनुदान मिळतं, म्हणून घाई होते. आधी वापर कमी करा, मग क्षमता ठरवा. माळवदावर तर पॅनेल नकोतच.

त्याआधी एक तपासणी करा. मेन चालू ठेवून घरातली सगळी बटणं बंद करा, फ्रिज आणि इन्व्हर्टरचे प्लगही काढा. आता मीटरवरचा लाल दिवा बघा. थोडा वेळ थांबूनही तो लुकलुकत राहिला, तर वीज कुठंतरी जाते आहे. मग मेन बंद करा. दिवा थांबला, तर दोष घरातल्या वायरिंगमध्ये आहे. तरीही लुकलुकत असेल, तर मीटर किंवा मेनच्या आधीची लाईन वीज कंपनीकडून तपासून घ्या. आमच्याकडं न्हाणीच्या ओल्या भिंतीतून गेलेली जुनी वायर सापडली. वायरमननं ती बदलली आणि पुन्हा सगळं बंद करून पाहिलं, तेव्हा दिवा लुकलुकायचा थांबला होता.