सभा भरतात, मतं पडत नाहीत? प्रचारातल्या या चुका टाळा

मैदान भरतं, घोषणा दणाणतात, कार्यकर्ते खूश असतात आणि निकालाच्या दिवशी आकडे भलतंच सांगतात. मग पैसा, माध्यमं, यंत्रणा अशा सगळ्यांवर खापर फुटतं. माझ्या मते आधी मजकूर तपासावा. बरेचदा पक्ष फक्त आपल्याच माणसांशी बोलत राहिलेला असतो.

अनुभवाशी न जुळणारी घोषणा

२००४ साली वाजपेयी सरकारची ‘इंडिया शायनिंग’ मोहीम गाजली. अर्थव्यवस्था खरोखरच वाढत होती. पण ज्यांच्या घरात ती वाढ पोहोचलीच नव्हती, त्यांना ती जाहिरात डिवचल्यासारखी वाटली. भाजप १३८ जागांवर थांबला, काँग्रेस १४५ वर गेली. (पराभवाला आघाड्यांचं गणितही कारणीभूत होतं, विशेषतः तमिळनाडूत. सगळा दोष घोषवाक्याच्या माथी मारणं बरोबर नाही.)

उपाय: घोषवाक्य छापण्याआधी गेल्या वेळी तुम्हाला मत न दिलेल्या काही जणांना ते ऐकवा. ‘आवडलं का?’ असं विचारू नका, लोक भिडेखातर हो म्हणतात. ‘यातून काय समजलं?’ हे विचारा.

आश्वासन चांगलं, पण सांगता येत नाही

१९९३ च्या ऑस्ट्रेलियातल्या निवडणुकीत विरोधी नेते जॉन ह्यूसन जिंकणार असंच सगळे धरून चालले होते. त्यांचा आर्थिक आराखडा तब्बल ६५० पानांचा होता. टीव्हीवर त्यांना साधा प्रश्न आला: तुमच्या नव्या करामुळे वाढदिवसाचा केक महागणार की स्वस्त होणार? ह्यूसन तपशिलात शिरले आणि अडकले. सत्ता पंतप्रधान पॉल कीटिंग यांच्याकडेच राहिली. गंमत म्हणजे हाच कर पुढे ह्यूसन यांच्याच पक्षाच्या जॉन हॉवर्ड यांनी उघडपणे मांडून १९९८ ची निवडणूक जिंकली आणि २००० साली तो लागूही केला. तेव्हा कल्पनाच खपणारी नव्हती, असं म्हणता येत नाही.

उपाय: प्रत्येक आश्वासनासाठी ‘माझा खर्च वाढणार की कमी होणार?’ याचं एका वाक्यातलं उत्तर तयार ठेवा. ते नेत्यालाच नव्हे, दारोदार फिरणाऱ्या कार्यकर्त्यालाही न अडखळता सांगता आलं पाहिजे. उत्तर ‘वाढणार’ असेल तर तसंच सांगा आणि बदल्यात काय मिळणार तेही लगेच सांगा.

आरोप स्वतःच्याच तोंडून

‘मी लबाड नाही,’ असं अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन १९७३ मध्ये म्हणाले. लोकांच्या लक्षात ‘लबाड’ तेवढं राहिलं. आरोपाचे शब्द उचलू नका, काय घडलं ते पुराव्यासह सांगा. पण गप्पही बसू नका. २००४ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षपदाचे उमेदवार जॉन केरी यांच्या युद्धसेवेवर शंका घेणाऱ्या जाहिराती आल्या, तेव्हा त्यांनी ठोस उत्तर द्यायला उशीर केला आणि तोवर चर्चा हाताबाहेर गेली होती.

घोषवाक्य एक, वागणं दुसरं

२०१७ च्या निवडणुकीत ब्रिटनच्या तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे ‘खंबीर आणि स्थिर’ म्हणत फिरल्या. जाहीरनाम्यातल्या वृद्धांच्या देखभालखर्चाच्या योजनेवर टीका होताच चार दिवसांत त्यांनी ती बदलली, वर ‘काहीच बदललेलं नाही’ असंही म्हणाल्या. बहुमत गेलं.

‘तिथले लोक आपलेच आहेत’

२०१६ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षपदाची उमेदवारी मिळाल्यानंतर हिलरी क्लिंटन विस्कॉन्सिनला प्रचाराला फिरकल्याच नाहीत. ते राज्य २३ हजारांहून कमी मतांनी हातचं गेलं. शेवटच्या दोन आठवड्यांचा दौरा आखताना हक्काच्या मतदारसंघांची यादीही समोर ठेवा आणि तिथले कार्यकर्ते ‘लोक थंड आहेत’ असं सांगू लागले, तर आधी तिकडे जा.