चिलटांचं नाक पोटातून चालतं का? घरीच तपासून बघा

द्राक्षांच्या सीझनमध्ये नाशकात चिलटं शोधावी लागत नाहीत, गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारातून सुटे मणी आणा आणि दोन दिवस ओट्यावर विसरा, झालं. ही चिलटं मिशांनी वास घेतात हे बऱ्याच जणांना माहीत असतं, पण कुठल्या वासाकडे जायचं यात त्यांच्या आतड्यातल्या बॅक्टेरियांचंही म्हणणं असतं. टोळांचंच बघा ना, त्यांच्या लेंडीतलं ग्वायकॉल हे वासाचं रसायन आतड्यातले बॅक्टेरिया बनवतात आणि टोळ एकत्र जमतात त्यात त्या वासाचा हात असतो. जर्मन झुरळं बॅक्टेरियाशिवाय वाढवली तर त्यांच्या विष्ठेकडे बाकीची झुरळं तेवढी ओढली जात नाहीत, हे २०१५ मध्ये दाखवलंय.

लॅबमध्ये अंडी ब्लीचने धुऊन जंतूमुक्त माश्या वाढवतात. घरी ते जमत नाही, आणि अँटिबायोटिकच्या गोळ्या कुटून घालायचा विचार तर करूच नका. त्यापेक्षा सोपी युक्ती आहे. चिलटाच्या पोटातले बॅक्टेरिया तिथे पक्के मुक्काम करून राहत नाहीत, बरेचसे ते स्वतःच घाण केलेल्या खाद्यातून परत परत पोटात जातात, म्हणून रोज ताज्या बाटलीत हलवलं की त्यांची संख्या खूप घटते. आपला सगळा प्रयोग यावरच उभा आहे.

आधी खाद्य. पाव लिटर पाण्यात मोठे दोन चमचे मक्याचं पीठ (पांढरं कॉर्नफ्लॉवर नाही, पिवळं पीठ), मोठा चमचा गूळ, लहान चमचा ड्राय यीस्ट आणि लहान चमचा अगर-अगर पावडर घालून दहा मिनिटं ढवळत शिजवा, उकळलेल्या छोट्या बाटल्यांत बोटभर ओता, गार झालं की कापसाचं बूच. प्रिझर्व्हेटिव्ह अजिबात नको. उरलेल्या बाटल्या फ्रीजमध्ये.

मग पिकलेलं केळं बरणीत ठेवून चिलटं धरा. पाठीवर पांढरे पट्टे असलेली दिसली तर ती झॅप्रिओनस, वेगळी जात, सोडून द्या. बाकीची खाद्यावर अंडी घालतील आणि पंचवीस डिग्रीला दहा दिवसांत नवी पिढी बाहेर येते. नाशकातल्या डिसेंबरच्या थंडीत याला दुप्पट वेळ लागतो आणि एप्रिल-मेच्या उन्हात नर वांझ होतात, त्यामुळे फेब्रुवारी किंवा ऑक्टोबर बरा.

आता नव्या पिढीचे तीन गट करा, प्रत्येकी तीसेक. मोजताना बाटली थोडा वेळ बर्फावर धरा, सगळी निपचित पडतात. क गट आठवडाभर एकाच बाटलीत राहील. ख गट रोज नव्या बाटलीत जाईल. ग गटही रोज नव्या बाटलीत, पण त्या बाटलीतल्या खाद्यावर आधी क च्या बाटलीच्या काचेवरचे तपकिरी ठिपके ओल्या इअरबडने पुसून फासायचे. हे ठिपके म्हणजे विष्ठा, आणि त्यातच बॅक्टेरिया.

ग गट कशाला, असं मलाही पहिल्यांदा वाटलं होतं, म्हणून मी फक्त दोनच गट केले, फरक आला, खूश होऊन सगळ्यांना सांगितलं आणि मग लक्षात आलं की ख ची चिलटं रोज आपटून-आपटून हलवली होती आणि क ची निवांत बसली होती, म्हणजे फरक जंतूंचा की धक्क्यांचा, काय कळणार? तेव्हा क ला पण रोज दुसऱ्या बाटलीत झटका आणि लगेच परत घरी सोडा.

सात दिवसांनी चार-पाच तास फक्त ओला कापूस द्या, भूक लागू द्या. एका झाकणाच्या डब्यात औषधाच्या दोन छोट्या बाटल्या, तोंडाला कागदाचा शंकू, टोकाला बारीक भोक. एकीत ताजं खाद्य, दुसरीत क गटाने वापरलेलं. डबा अंधारात रात्रभर ठेवा, नाहीतर डोळ्यांनी बघून जातील. सकाळी मोजा: वापरलेल्यातली वजा ताज्यातली, भागिले पकडलेली एकूण. तिन्ही गट वेगवेगळे करा आणि दुसऱ्या रात्री बाटल्यांच्या जागा बदलून परत.

क आणि ग सारखे, ख वेगळा आला तर बोट पोटाकडे जातं. ख आणि ग सारखे आले तर तो बाटली बदलण्याचा परिणाम, उगाच बॅक्टेरियांच्या नावावर खपवू नका.

शेवटी बाटल्या रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवून मगच धुवा. मी तशाच सिंकमध्ये उघडल्या होत्या, पंधरा दिवस चहाच्या कपावर बशी ठेवून प्यायलो.